विटेवाले भाऊ

कोळशाच्या पट्ट्यात सल्ल्याला तोटा नाही. माजरी जंक्शनला उतरून खाणींच्या रस्त्याला लागलं की पाटीपाटीवरून कोणीतरी आपली काळजी करत असतं. हेल्मेट घाला. घाई करू नका. घरी कोणीतरी वाट पाहत आहे. ओझं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. अलीकडे यात खुर्चीत बसलेल्या एका माणसाच्या चित्राची भर पडली आहे. या माणसाला नाक-डोळे नसतात, पण काटकोन भरपूर असतात. कोपर काटकोनात, कंबर काटकोनात, गुडघा काटकोनात. मान सरळ, पाय जमिनीला सपाट टेकलेले. असा बसलेला जिवंत माणूस मी पाहिला आहे, नाही असं नाही. तो पासपोर्टचा फोटो काढून घेत होता.

या चित्राच्या खाली बसून माणसं वर्षानुवर्षं वाकडी होत राहतात. चित्र चुकीचं असतं असंही नाही आणि बघणारे अडाणी असतात असंही नाही. सुरक्षा सप्ताहात प्रश्नमंजूषा होते, तेव्हा सगळ्यांना उत्तरं येतात. कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांपासून किती लांब? ‘हातभर!’ असा एका सुरात पुकारा होतो. बरोबर उत्तराला स्टीलचा डबा मिळतो. डबा घेऊन माणूस जागेवर परत येतो, तो ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि पडद्याला नाक लावून कामाला लागतो.

हे असं का होतं, यावर विटेवाले भाऊंचं काहीही मत नाही. ते कोणाला सल्ला देत नाहीत. दिलेला सल्ला पाळला का, हेही विचारत नाहीत. ते फक्त येतात, टेबलाखाली वाकतात, काहीतरी खुडबुड करतात आणि जातात. मागाहून लक्षात येतं की आज मान दुखली नाही.

भाऊंचं नाव मी सांगणार नाही, आणि ते कुठल्या ऑफिसातले हेही नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स १९७५ साली निघाली, तिचं मुख्यालय नागपूरला आहे, माजरी हा तिचा एक एरिया आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भाऊ तिथले, की ठेकेदाराच्या कॅम्पातले, की रेल्वेच्या यार्डातले, हे गुलदस्त्यातच राहू द्या. तसंही एखादा विटेवाला भाऊ भद्रावतीच्या बँकेत असतो, वणीच्या तहसिलीत असतो, वरोऱ्याच्या कॉलेजच्या ऑफिसात असतो. ओळखायची खूण एकच. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या खुर्चीची उंची त्याला पाठ असते आणि कोणाचंही पदनाम त्याला नीट सांगता येत नाही.

आमचे भाऊ मूळचे फिटर. अर्धी नोकरी वर्कशॉपमध्ये पान्या-हातोडीत गेली. पँटच्या खिशात तेरा नंबरचा पाना, शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप आणि खांद्यावरच्या पिशवीत एक वीट, हा त्यांचा सरंजाम. मोठ्या खाणीत कामगारांच्या बाजूने कामगार निरीक्षक नेमायची तरतूद खाण नियमांतच आहे. भाऊंना ती जागा देऊ केली होती म्हणतात. पण तिथे पाहणीचा अहवाल लिहावा लागतो. ‘लिहा-वाचायचं काम मले नोको,’ म्हणून ते सुरक्षा समितीचे साधे सदस्य राहिले. समितीच्या बैठकीत ते एक शब्द बोलत नाहीत. मात्र बैठक संपून सगळे उठले की ज्या खुर्चीवर अध्यक्ष सारखे चुळबुळ करत होते, ती खुर्ची उलटी पाडून पाहतात.

विटेची कथा सुरू झाली ती बिलं पाहणाऱ्या मॅडमपासून. मॅडम उंचीला बेताच्या, टेबल जुन्या सागवानाचं, भरभक्कम आणि उंच. मोठमोठी रजिस्टरं हाताने लिहायची त्या काळात ते ठीक होतं. कीबोर्डला ते टेबल उंच पडतं. म्हणून मॅडम खुर्ची वर घ्यायच्या. खुर्ची वर घेतली की पाय लटकायचे. लटकलेले पाय टेकावेत म्हणून त्या सरकत सरकत खुर्चीच्या कडेवर यायच्या. कडेवर बसलेल्या माणसाच्या पाठीला खुर्चीची पाठ कुठून भेटणार? ती तिथे, या इथे. संध्याकाळी कंबर धरायची. मग मलम आलं, पट्टा आला, बाबा रामदेव झाले. कंबरेचं हे सगळं रामायण पायापासून सुरू होतंय, हे मलम देणाऱ्यालाही दिसलं नव्हतं.

एक दिवस भाऊ टेबलाशी आले.

“मॅडम, पाय जरासेक वर घेता काय?”

“काहून जी? साप हाये काय?” मॅडमनी पाय थेट खुर्चीवर घेतले. आमच्याकडे हा प्रश्न विनोदाने विचारत नाहीत.

“साप नाही. ठेवा आता खाली.”

मॅडमनी भीत भीत पाय खाली सोडले, ते विटेवर टेकले.

“हे काय आणलं?”

“वीट.”

“वीट हाये ते दिसून राह्यलं मले. कायले?”

“झालं तं मंग,” म्हणून भाऊ निघून गेले. आता दुसरा कोणी असता तर त्याने इथे मांडीखालचा रक्तप्रवाह, पाठीचा नैसर्गिक बाक वगैरे अर्धा तास घेतला असता आणि मॅडमनी मान डोलावून वीट बाजूला सारली असती. मॅडमना काहीच न सांगितल्यामुळे विरोध करण्यासारखं त्यांच्या हाती काही लागलं नाही. चार दिवसांनी झाडूवाल्या बाईने कचरा समजून ती वीट बाहेर नेऊन टाकली. तेव्हा दहा वाजून पाच मिनिटांनी अख्ख्या मजल्याने मॅडमचा आवाज ऐकला: “माही वीट कोठी गेली?”

विटेची निवडही भाऊंची खास. लाल वीट नाही चालत, ती चपलेखाली भुगा सोडते आणि मग झाडूवाली बाई रागावते. राखेची वीट हवी. करडी, कडा सरळ, वजनाला पक्की. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, तिथे कोळसा जळतो तसे राखेचे डोंगर उभे राहतात आणि त्या राखेच्या विटा होतात. जमिनीखालून कोळसा काढायचा, जाळायचा, त्याची राख विटेच्या रूपाने परत आणायची आणि कोळशाची बिलं पाहणाऱ्या बाईच्या पायाखाली सरकवायची. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या वस्तूला ‘फूटरेस्ट’ हे नाव मला फारच किरकोळ वाटतं.

पांडुरंगानंतर विटेचं माहात्म्य इतकं ओळखलेला दुसरा गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. काटाघराच्या खिडकीशी एक पोरगा पावत्या फाडत दिवसभर उभा असतो. त्याच्यासाठीही भाऊंनी वीट नेली. पांडुरंगाचे दोन्ही पाय समचरण, इथे मात्र एकच पाय विटेवर, एक जमिनीवर, मध्येच बदलायचा. उभं राहून काम करणाऱ्याने असं केलं की कंबरेवरचा ताण हलका होतो, हे पुस्तकांतही छापलेलं आहे. भाऊंनी ते पानठेल्यावर पाहिलं. ठेल्याच्या फळीवर एक पाय टेकून माणसं दोन-दोन तास राजकारण करतात, एकाचीही कंबर दुखत नाही. तीच माणसं ऑफिसच्या खिडकीशी दहा मिनिटं उभी राहिली की विव्हळतात. भाऊ म्हणे महिनाभर पान खात होते आणि पाय बघत होते. पान खाणं हे संशोधनासाठी होतं, असं ते घरी सांगतात.

कोणी म्हणालं ‘कंबर दुखून राह्यली’, तर आपण विचारतो, कुठे दुखतं? भाऊ विचारतात, “कोठी बसता?” इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक १७०० साली आलं, आणि त्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की रोग्याला बाकी सगळं विचारता तसा एक प्रश्न आणखी विचारत जा, तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षांत तो प्रश्न आमच्या दवाखान्यापर्यंत आला आहे, केसपेपरवर त्याचा रकानाही आहे. त्यात सगळ्यांच्या नावापुढे ‘सर्व्हिस’ असं लिहिलेलं असतं.

पण विटेनेच एकदा घोटाळा केला. बाहेरून एक तज्ज्ञ आले. चांगलं बोलले. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणाले. भाषण संपताच उत्साहाची अशी लाट आली की संध्याकाळपर्यंत ऑफिसातला प्रत्येक मॉनिटर विटेवर चढला. भाऊंनी आणल्या नव्हत्या इतक्या विटा कुठून आल्या, देव जाणे. बाहेरच्या कुंपणाची भिंत मात्र एका कोपऱ्यात बुटकी झाली. पुढच्या आठवड्यात ऑफिसात वेगळीच कुजबुज सुरू झाली. बडे बाबूंना माज आला. समोर कोणीही गेलं तरी ते हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून पाहतात. बढतीची ऑर्डर आली की काय, अशी चर्चा युनियनपर्यंत गेली.

भाऊ आले, बडे बाबूंच्या बाजूला उभे राहिले, त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि मॉनिटरखालची वीट काढून पिशवीत टाकली. चष्मा बायफोकल. वाचायचा भाग खालच्या अर्ध्यात. पडदा उंच गेला की खालच्या काचेतून तो दिसावा म्हणून माणूस मान मागे टाकतो आणि दिवसभर छताला नमस्कार करत बसतो. अशा माणसाचा पडदा उलट खालीच हवा. सुरक्षा विभागातल्या नव्या, उत्साही साहेबांनी हे पाहिलं.

“भाऊ, हे स्टँडर्डच्या विरुद्ध आहे. चित्र बघा.”

भाऊंनी भिंतीवरच्या चित्राकडे नीट पाहिलं. “साहेब, त्या माणसाले डोळेच नाहीत. चश्मा कोठून येईन?”

साहेब तरुण होते, पण भले होते. त्यांनी त्या दिवसापासून फिरताना आधी लोकांच्या नाकाकडे पाहायची सवय लावून घेतली.

आता खुर्ची. हा खरा कठीण प्रांत. आपल्याकडे खुर्ची बसायला नसते, ती मिळालेली असते. हाताची, बिनहाताची, चाकांची, उंच पाठीची, अशी तिची पायरी ठरलेली आणि त्यावर पांढरा टॉवेल पडला की पुढे बोलायचं काम नाही. नवी खुर्ची आली की तिचं प्लास्टिक काढत नाहीत, मळेल म्हणून. उन्हाळ्यात माजरीचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा त्या प्लास्टिकवर माणूस घामाने घसरत घसरत दुपारपर्यंत अर्धा आडवा होतो. उंची कमी-जास्त करायचा खटका असतो तोही प्लास्टिकच्या आत. एका बाबूंनी तर तो खटका निवृत्त होईपर्यंत वापरला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बिघडला तं?”

भाऊंनी कोणाचंही प्लास्टिक काढलं नाही. ते ‘चुकून’ पान्याने फाटायचं. आधी थोडं, मग आणखी थोडं. पंधरा दिवसांत ते चिंध्या होऊन लोंबायला लागलं की मालक स्वतःच वैतागून ओरबाडून काढायचा आणि वर भाऊंना शिव्या घालायचा. शिव्या खात खात भाऊ खाली वाकून खटका सैल करून द्यायचे.

एक मोठे साहेब होते. खुर्ची त्यांच्या दर्जाला शोभेशी, पाठ डोक्याच्याही वर गेलेली आणि बैठक इतकी खोल की साहेब मागे टेकले तर पाय लहान मुलासारखे समोर यायचे. म्हणून ते टेकायचेच नाहीत. पुढे झुकून सह्या करायचे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन या शल्यचिकित्सकाने १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. न टेकता बसलं की तो दाब उभं राहण्यापेक्षा जास्त भरतो, आणि पुढे झुकून बसलं की आणखी वाढतो, असं त्यात आढळलं. नंतरच्या मोजण्यांनी आकड्यांबद्दल वाद घातले, पण पुढे झुकून बसणं बरं, असं कोणीच म्हणालेलं नाही. साहेबांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ‘साहेब, खुर्ची बदला’ असं म्हणायची छाती माजरीत कोणाची? लहान खुर्ची म्हणजे खालची खुर्ची.

भाऊंनी खुर्चीला हात लावला नाही. त्यांनी टॉवेल उचलला. घट्ट गुंडाळला, दोन ठिकाणी पायजम्याच्या नाडीने बांधला आणि बरोबर कंबरेच्या खोलगटाशी खुर्चीला आडवा बसवला. साहेब आले, बसले, टेकले. खुर्चीची पाठ चार बोटं पुढे आली होती. साहेबांनी कोणाला काही विचारलं नाही. टॉवेल जागेवर नाही हे पाहून शिपाई घाबरला होता, पण साहेबांचा चेहरा पाहून गप्प बसला. महिन्याभरात खालच्या सगळ्या साहेबांचे टॉवेल गुंडाळले गेले. पुढे बदलीवर आलेल्या एका साहेबांनी पहिल्याच दिवशी शिपायाला सांगितलं म्हणे, “यहाँ का जो रिवाज है, वैसा बाँध दो.”

मणक्याचं दुखणं काय असतं, हे आमच्या भागाला वेगळं सांगायला नको. वरोरा इथून जवळ. आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमट्यांना मणक्याच्या आजाराने बसताच येत नसे. उभं राहायचं नाही तर आडवं पडायचं, एवढंच हाती उरलं होतं. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो अभियान निघालं तेव्हा तरुण पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. भाऊंना या गोष्टीचं भारी कौतुक. त्यांचा अर्थ मात्र फिटरचा: “पहा, त्यायनं गाडी आपल्या कमरेच्या हिशेबानं करून घेतली. आपन कंबर खुर्चीच्या हिशेबानं करून राह्यलो.” भाऊंनी आयुष्यात मांडलेला हा बहुधा एकमेव विचार, आणि तो मांडून ते इतके अवघडले की लगेच स्टोअरच्या मागच्या भंगारात शिरले. तिथून एक बुटकं, गंजक्या पायांचं टेबल घेऊन बाहेर आले. टाइपरायटरचं. पूर्वी टायपिस्टचं टेबल इतर टेबलांपेक्षा मुद्दाम बुटकं बनवत, बोटं वर उचलावी लागू नयेत म्हणून. यंत्रं गेली, टेबलंही भंगारात गेली, आणि कीबोर्ड मात्र सागवानी उंचीवर जाऊन बसला. हे टेबल मॅडमना मिळालं. त्यामुळे त्यांची खुर्ची खाली आली, पाय जमिनीला लागले, वीट मोकळी झाली. मॅडमनी वीट परत दिली नाही. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे.

ऑडिटचं प्रकरण थोडक्यात सांगतो. एका वर्षी ऑडिटवाले आले. स्टॉक रजिस्टरात नसलेल्या चौदा विटा कार्यालयात ठिकठिकाणी आढळल्या, त्यांची खरेदी कोणत्या दराने, कोणत्या हेडखाली, असा मुद्दा निघाला. उत्तर तयार करायला तिघे बसले, तिघांची तीन उत्तरं झाली. तिसऱ्या दिवशी मुद्दा मसुद्यातून आपोआप गळाला. पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची उंच होती आणि ऑडिटर साहेब मॅडमच्याच उंचीचे होते, यापलीकडे मला काही माहीत नाही. विटा पंधरा झाल्या होत्या, एवढं शिपाई सांगतो.

ऑफिस झालं, आता खदान. भाऊंचा खरा जीव तिकडे. उघड्या खाणीत साठ टनी, शंभर टनी डंपर चालतात. शिडी चढून केबिनमध्ये जावं लागतं. आठ तास माणूस तिथे बसून असतो, म्हणजे बसलेला दिसतो. खरं तर तो आठ तास खालून मार खात असतो. हा मार मोजता येतो. सीटवर एक चपटी रबरी तबकडी ठेवतात, ऑपरेटर तिच्यावर बसतो, आणि किती हादरे अंगात गेले ते यंत्र टिपत जातं. नागपूरच्या तेव्हाच्या राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्थेच्या लोकांनी खाणींमध्ये अशी मोजमापं केली होती. युरोपने २००२ साली नियमच केला: आठ तासांच्या हिशेबाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की उपाय सुरू करा, १.१५च्या वर कोणालाही बसवू नका. आणि गंमत अशी की भरलेल्या डंपरपेक्षा रिकामा डंपर जास्त उसळतो. ऑपरेटरला वाटतं, चला, माल टाकला, आता सुसाट जाऊ. त्याची कंबर नेमकी त्या सुसाटात जाते.

या डंपरच्या सीटखाली स्प्रिंगांची व्यवस्था असते आणि पुढे एक काळी गोल मूठ. मुठीशेजारी बारीक आकडे: पन्नास, सत्तर, नव्वद, असे एकशेतीसपर्यंत. बसणाऱ्याच्या वजनाएवढी ती मूठ फिरवायची, की सीट हादरा गिळते. वजनदार माणसावर लावलेल्या सीटवर हलका बसला तर स्प्रिंग दबतच नाही, दगडावर बसल्यागत सगळा हादरा सरळ मणक्यात. उलट झालं तर सीट तळाला जाऊन थाडकन आपटते. मूठ फिरवायला अर्धं मिनिट लागतं. प्रशिक्षण केंद्रात दर पाच वर्षांनी उजळणी होते, तिथे ही मूठ सगळ्यांनी पाहिलेली असते. पण भाऊंनी एका डंपरच्या मुठीवर बोट फिरवलं तर कोळशाचा इतका जाड थर निघाला की आकडे खरवडून काढावे लागले.

पहिल्या पाळीचा ऑपरेटर दणकट, दुसऱ्या पाळीचा किडकिडीत. भाऊंनी विचारलं, वजन किती? दोघांनाही माहीत नाही. काट्यावर नेऊन उपयोग नाही, तो काटा टनांचा; त्याच्यावर माणूस चढला-उतरला तरी त्याला पत्ता नसतो. शेवटी भाऊ त्यांना किराणा दुकानात घेऊन गेले, पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. एकशे बारा आणि अठ्ठावन्न. दणकट म्हणाला, बूट घातले आहेत. किडकिडीत म्हणाला, सकाळपासून जेवलो नाही. भाऊंनी एकशे बारावर लाल रंगाचा ठिपका दिला, अठ्ठावन्नवर पिवळा.

तरी मूठ कोणी फिरवेना. पाळी बदलताना घाई असते, हजेरी असते, डबा असतो. शिवाय किडकिडीत गड्याने घरून गादी आणली होती, बायकोने जुन्या लुगड्यांची शिवलेली. ती काढा म्हणणं म्हणजे त्याच्या संसारात हात घालणं. भाऊ म्हणाले, “गादी लई चांगली हाये. कमरेमागं लावा, जास्ती दिवस टिकन.” गादी बुडाखालून कंबरेमागे गेली. मुठीसाठी मात्र त्यांनी वेगळा मार्ग काढला. एका दुपारी दणकटाच्या कानाशी लागून म्हणाले, “तो तुमची सीट आपल्या हिशेबानं करून ठेवते.” रात्री किडकिडीताला म्हणाले, “तो जाड्या तुमचा पिवळा टिपका हालवून देते.” दुसऱ्या दिवसापासून दोघेही चढल्याबरोबर, किल्लीला हात लावायच्या आधी, दात-ओठ खाऊन मूठ आपापल्या ठिपक्यावर आणायला लागले. आपली सीट म्हणजे आपली.

रस्त्याचं काम याच पठडीतलं. काळ्या मातीचा हॉल रोड, म्हणजे डंपरांचा रस्ता, पावसाळ्यानंतर असा होतो की सीट कितीही चांगली लावा, व्यर्थ. रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरला पाहिजे. ग्रेडर कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या साहेबांना भाऊंनी एकही अर्ज दिला नाही. त्यांना रीतसर परवानगी काढून, हेल्मेट-बूट घालून, डंपरच्या शिकाऊ सीटवर एक फेरी मारायला नेलं. जाताना भरलेला, येताना रिकामा. साहेब शिडीवरून तोंड शिडीकडे करून, तीन ठिकाणी आधार धरून, अगदी पाटीवर लिहिलंय तसे उतरले, कारण त्यांना दुसरं कसंही उतरता येत नव्हतं. दुसऱ्या सकाळी ग्रेडर त्या रस्त्यावर होता.

पण मुठीवरचं भांडण पेटलं ते पेटलंच. दोन्ही ऑपरेटरांनी एकमेकांविरुद्ध लेखी तक्रार दिली. प्रकरण वर गेलं. तिथले साहेब न्यायी. त्यांनी दोघांना बोलावलं, दोघांची वजनं विचारली, कागदावर बेरीज करून दोनने भागलं आणि मूठ पंच्याऐंशीवर आणून तार बांधून सील करायचा हुकूम दिला. पंच्याऐंशी किलोचा माणूस त्या डंपरवर कुठल्याच पाळीत नव्हता, पण आता तक्रारीलाही जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी सील तुटलेलं आढळलं. लाल ठिपका नव्याने रंगवलेला, पिवळाही. कार्यालयाची मालमत्ता म्हणजे तार, ती गायब. मागाहून ती मोठ्या साहेबांच्या खुर्चीच्या टॉवेलाला नाडीऐवजी बांधलेली दिसली, पण तिथे जाऊन कोण ओळख पटवणार? सील तोडल्याची चौकशी करावी, असं पत्र निघालं. पत्र सुरक्षा समितीकडे आलं. समितीने, यंत्राची माहिती असलेला अनुभवी सदस्य म्हणून, ते भाऊंकडे सोपवलं. भाऊंनी घडी घालून ते टेपच्या शेजारी खिशात ठेवलं.

चौकशी चालू आहे. अहवाल लिहावा लागणार असल्यामुळे थोडा वेळ लागेल, असं भाऊंनी समितीला कळवलं आहे, तोंडी.